नालबंदाशिवाय घोडे

शेठ पाहुण्यांना कल्हात हे जुनं बंदर दाखवायला न्यायचे तेव्हा गाडी मी चालवायचो. मस्कतहून सूरच्या रस्त्याला लागलं की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे उघडे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एके ठिकाणी दगडच दगड पसरलेले दिसतात. त्या दगडांत एक मोडकी घुमटी उभी आहे, कुणा राणीने बांधलेली. एवढंच उरलंय. एके काळी इथे श्रीमंत शहर होतं आणि दूरदूरचे व्यापारी त्यासाठी आपली गलबतं वळवायचे, हे कुणी सांगितल्याशिवाय खरं वाटत नाही.

सांगायचं काम शेठचं. ते मूळचे पुण्याचे, खारीक आणि सुक्यामेव्याचे घाऊक व्यापारी, मस्कतच्या रुवी भागात त्यांचं मोठं गोदाम. इतिहासाचा त्यांना नाद होता. पुढच्या सीटवर बसून, मागे मान वळवून ते बोलायला लागले की सूर येईपर्यंत थांबायचे नाहीत. मागचे पाहुणे निम्म्या वाटेत पेंगायचे. जागा राहायचो तो मी, कारण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. माझं शिक्षण त्या रस्त्यावर झालं.

शेठ म्हणायचे, साम्राज्यं तलवारीने उभी राहतात हे शाळेतलं ज्ञान. दख्खनच्या राजांना घोडदळ लागायचं आणि आपल्या हवेत घोड्याची चांगली पैदास होत नाही. मग देवगिरीचे यादव असोत, बहमनी सुलतान असोत की विजयनगरचे राजे, सगळ्यांची नजर या किनाऱ्याकडे. कल्हात आणि होर्मुझहून गलबतं घोडे भरून निघायची ती चौल, दाभोळ, गोव्याला लागायची. ज्याच्या बंदरात घोडे उतरले त्याचं राज्य वाढलं, ज्याचं बंदर गेलं तो खचला. विजयनगरवाले तर वाटेत मेलेल्या घोड्याचेही पैसे द्यायचे म्हणे, फक्त शेपटी आणून दाखवायची. का, तर विकणाऱ्याने पुढच्या वर्षी आपल्याचकडे यावं, शेजारच्या सुलतानाकडे जाऊ नये.

आणि मग शेठची सगळ्यांत आवडती गोष्ट. अरब व्यापारी घोडे विकायचे, पण घोड्यांची निगा राखणारा नालबंद कधी पाठवायचे नाहीत, असं जुने प्रवासी लिहून गेलेत. आपल्याकडे घोड्यांना भात खायला घालायचे, नाल धड बसायची नाही, घोडे मरायचे. मेले की पुढच्या मोसमात पुन्हा खरेदी. "घोडा विका, नालबंद विकू नका," शेठ बोट उभं करून म्हणायचे, "त्यात धंदा आहे."

इथवर सगळं छान. पण पाहुण्यांना हसवून जागं करायला शेठ माझ्याकडे वळायचे. मी दाभोळच्या खाडीकाठच्या गावचा. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मला ते दाभोळच म्हणायचे. "काय रे दाभोळ, घोडे तुमच्या धक्क्यावर उतरले. त्यांच्यावर बसले सुलतान. तुमच्या वाट्याला काय आलं? लीद."

पाहुणे हसायचे. मीही आरशात बघून हसायचो, कारण तेव्हा हसणं पगारात धरलेलं होतं. एका गणेशोत्सवात मराठी मंडळींपुढे शेठचं या विषयावर भाषण झालं, तिथेही त्यांनी हे सांगितलं आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे हात केला. माझी बायको बायकांच्या बाजूला बसली होती. घरी आल्यावर मुलीने विचारलं, लीद म्हणजे काय. इंग्रजी शाळेमुळे तिचं मराठी अडखळतं, तेव्हा मला ते इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. ते मी लक्षात ठेवलंय.

मी ड्रायव्हर म्हणून आलो, पण फार दिवस नुसता ड्रायव्हर राहिलो नाही. शेठची खारीक निझव्याच्या अंगाकडच्या गावांतून यायची. मब्सली जातीचा खजूर पिवळा आणि कडक असतानाच उतरवतात, तांब्याच्या मोठमोठ्या काहिलींत उकळतात आणि उन्हात पसरतात. वाळला की झाली खारीक. आपल्याकडे लग्नात ओटीत पडते त्यातली बरीचशी याच उन्हात वाळलेली असते. पिकअप घेऊन माल आणायला जाता जाता मी अरबी शिकलो, भाव करायला शिकलो. माझं डोकं लवकर तापतं, पण भाव करताना ते मी कामाला लावतो. एकदा एका बागवाल्याचा दर ऐकून मी रागाने चप्पल घालून निघालो आणि फाटकापर्यंत पोचायच्या आत त्याने मला परत बोलावलं. तो राग अर्धा खरा होता.

तिथे एक म्हातारा होता. बागा त्याच्या फार नव्हत्या, पण गावात त्याचा शब्द चालायचा. त्याने माल ज्याला दिला त्याला बाकीचे देणार. मोठ्या माणसाला इथे मान देऊन वालिद म्हणतात, मीही म्हणायचो. तो मला सदीक म्हणायचा, म्हणजे मित्र. त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, मी किती वेळा जेवलो याला गणती नाही. शेठ मस्कतहून हलायचे नाहीत. ते मला म्हणाले होते, "बागांकडचं सगळं तुझं. मी मुंबईचं बघतो. काही वर्षांनी निझव्यात तुझं स्वतःचं दुकान काढून देतो." मी त्यावर विसंबून अल अमेरातला घर घेतलं भाड्याने, बायको-मुलीला बोलावलं.

मग शेठचे जावई आले. पुण्यातून मोठी पदवी घेऊन आले आणि अल् खुवैरच्या एका काचेच्या इमारतीत ऑफिस थाटून बसले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाटायचं की सगळं जग त्याच्या लॅपटॉपमध्ये मावतं.

खजूर उकळायच्या मोसमात शेठ आणि जावई पहिल्यांदाच म्हाताऱ्याकडे निघाले. गाडी मी चालवत होतो. फाटकाशी उतरल्यावर मीही नेहमीसारखा चपला काढायला वाकलो, तेव्हा शेठ मराठीत म्हणाले, "तू गाडीत बस. आम्हाला जरा बोलायचंय."

इथे राहून आयुष्य गेलेल्या माणसाने ही चूक करावी याचं मला आजही नवल वाटतं. पुण्यात ड्रायव्हर गाडीत बसतो. ओमानी घरात फाटकाशी आलेला प्रत्येक जण पाहुणा. मालक, ड्रायव्हर, हमाल, सगळे एकाच गालिच्यावर बसतात आणि एकाच ताटातून खातात. दारात आलेला माणूस उन्हात बसला तर लाज घरमालकाची जाते.

मी गाडीत बसलो. थोड्या वेळाने म्हातारा अनवाणी बाहेर आला. एका हातात खजुराची थाळी, दुसऱ्या हातात काहव्याची दल्ला, म्हणजे बिनदुधाच्या अरबी कॉफीची किटली. त्या उन्हात गाडीच्या काचेशी उभं राहून त्याने मला प्याला भरून दिला. मी लाजेने वर बघितलं नाही. मागून शेठ हसत आले आणि मोडक्या अरबीत म्हणाले, अहो हा आमचा ड्रायव्हर आहे, तुम्ही कशाला त्रास घेतलात. म्हाताऱ्याने मला दुसरा प्याला भरला.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. गावाकडची रीत अशी की आधी ख्यालीखुशाली विचारायची, पाऊस, तब्येत, घरची माणसं, मग काहवा, आणि मग सावकाश काम. जावयाने बसल्याबसल्या लॅपटॉप उघडून दर सांगितला.

परतीच्या वाटेवर, फंजाच्या चढावर, शेठनी मला सांगितलं की उद्यापासून गावांचे सगळे फोन नंबर जावयांना द्यायचे आणि मी अल् खुवैरच्या ऑफिसमध्ये गाडीवर राहायचं. "तुझ्यासारखा भरवशाचा ड्रायव्हर मला मिळायचा नाही, दाभोळ." दुकानाचं नाव नाही. मी विचारलं, तर म्हणाले, अरे ते बोलण्याबोलण्यात झालं होतं.

गाडी तिथेच थांबवावी, चावी दरीत फेकावी आणि चालायला लागावं, असं मनात आलं. एरवी मी फेकलीही असती. पण तेवढ्यात शेठ जावयांना होर्मुझची गोष्ट सांगायला लागले, आणि मी ऐकत राहिलो.

होर्मुझ हे बेट. त्यावर काही पिकत नाही, प्यायला पाणी नाही. पाणीसुद्धा पडावांतून, म्हणजे होड्यांतून, बाहेरून यायचं. तरी ते जगातल्या श्रीमंत शहरांत गणलं जायचं, कारण गलबतं तिथे थांबायची. माल एकाचा, गलबत दुसऱ्याचं, गिऱ्हाईक तिसरं, आणि मलई होर्मुझची. कल्हातवरही त्यांचीच सत्ता. "आणि बुडालं कसं?" जावयाने विचारलं. शेठ म्हणाले, पोर्तुगीज आले, त्यांनी आधी पाण्याचे पडाव अडवले. पुढे सत्ता गेली, व्यापार दुसऱ्या बंदरात गेला, आणि मग तटबंदी मजबूत असून काय उपयोग.

मी आरशात मागे जावयाशेजारी बसलेल्या शेठकडे बघितलं. एक झाड नाही, एक काहील नाही, एक ट्रक नाही. रुवीच्या गोदामात माल थांबतो म्हणून हा माणूस शेठ. आणि पाणी आणून देणारा मी. राग तिथेच थंड झाला आणि तसाच घट्ट बसला.

"नंबर उद्या देशील ना?" शेठनी विचारलं.

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

माझा करार संपत आला होता. तो संपल्यावर म्हाताऱ्याचा पुतण्या माझा अर्बाब, म्हणजे कायद्याने लागणारा ओमानी मालक, झाला, परवाना त्याच्या नावाने आणि दुकान माझं, निझव्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका भांडीवाल्याच्या शेजारी. बायकोचे दागिने त्यात गेले. ती तेव्हा एवढंच म्हणाली की बुडालो तर तिघं एकदम बुडू. म्हणजे माझ्यासाठी पुढचा मोसम हा सगळ्याचा फैसला होता. त्या गावांचा माल शेठच्या गोदामात गेला तर मी दुकानाला टाळं लावून परत कुणाची तरी गाडी चालवणार होतो.

शेठकडे पैसा होता, माझ्याकडे नव्हता. लिलावात मी त्यांच्यापुढे टिकणार नव्हतो. तेव्हा मी फळाचा विचारच सोडला. हिवाळाभर मी गावोगाव फिरलो ते उकळायच्या चुलाणांसाठी. ज्याच्याकडे काहिली होत्या त्या प्रत्येकाकडे बसलो, काहवा प्यायलो, ख्यालीखुशाली विचारली, आणि येत्या मोसमाच्या काहिली, चुलाणं आणि वाळवणाची जागा बोलून ठेवली. त्या रिकाम्या पडू नयेत म्हणून पलीकडच्या वादीतला, म्हणजे खोऱ्यातला, थोडा माल आधीच ठरवला. कुणाला वावगं वाटलं नाही. आजवर काहिली अशा वेगळ्या कुणी ठरवल्याच नव्हत्या, फळाबरोबर त्या आपोआप मिळायच्या.

म्हातारा मात्र माझ्याकडे बघत राहिला. "सदीक, माझ्या काहिली तुझ्या," तो म्हणाला. "पण फाटक माझं. ते मी कुणाला बंद करत नाही."

मी हो म्हटलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

झाडावरच्या फळांचा लिलाव बागेतच होतो. दलाल पुढे चालतो, घेणारे मागे, एकेका झाडाखाली थांबून बोली. जावई गॉगल लावून आले होते. पहिल्या झाडाशी मी बोली लावली, त्यांनी वर चढवली. मी पुन्हा चढवली. असं मी त्यांना झाडामागून झाड वर नेत राहिलो आणि ऐन वेळी सोडत राहिलो. माझ्या कपाळावर आठ्या, मधूनच एक शिवी. माझ्या तापटपणाची ख्याती त्यांना ठाऊक होती. मी चिडतोय हे बघून त्यांना जोर चढला. शेजाऱ्याला मिळू नये म्हणून मेलेल्या घोड्याचे पैसे मोजणारा राजा कसा दिसत असेल ते मी त्या दिवशी पाहिलं. एकेक करत सगळ्या बागा त्यांनी घेतल्या. बागवाल्यांचं तर भलंच झालं, एवढा दर त्यांना कधी मिळाला नव्हता. जाताना जावई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटर लक नेक्स्ट टाइम, मामा."

मग फळ पिवळं झालं. मब्सली पिवळा असतानाच उकळावा लागतो, नरम पडला की त्याची खारीक होत नाही. जावयांनी काहिलींची चौकशी केली आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, निझव्यातल्या हिंदी माणसाला विचारा. मग माझा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. येता-जाता मी त्यांच्या झाडांकडे मान वर करून बघायचो. घडांच्या टोकाशी फळ तपकिरी व्हायला लागलं होतं. असं सुख मला त्याआधी आणि नंतर कधी झालं नाही, ते लपवण्यात अर्थ नाही.

एका दुपारी शेठ स्वतः आले. आम्ही म्हाताऱ्याच्या अंगणात माल उकळत होतो, खजुराच्या लाकडांचा धूर भरला होता. गाडी फाटकाशी थांबली. चालवत जावई होते. शेठ उतरले आणि जावई गाडीतच बसून राहिले.

मी जागचा उठलो नाही. कित्येक महिने मी ठरवून ठेवलं होतं की हा माणूस येईल तेव्हा त्याला उन्हात उभा करायचा, घाम पुसू द्यायचा, आणि सगळ्यांच्या देखत विचारायचं की ड्रायव्हरकडे काय काम काढलंत. पण म्हातारा उठला. त्याने फाटकापर्यंत जाऊन शेठचा हात धरला, जावयाला गाडीतून उतरवलं, दोघांना सावलीत बसवलं. आणि दल्ला घेऊन पहिला प्याला शेठला भरला. मग जावयाला. मग मला.

शेठ प्याला हातात धरून बसले. बारीक झाले होते.

"दाभोळ, फळ झाडावर नरम पडायला लागलंय."

"बघितलं मी."

"दोन काहिली दे. भाडं तू सांगशील ते."

"भाड्याचं काही नाही, शेठ. घोडे तुमच्याकडे आहेत. नालबंद माझ्याकडे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझंच मला ऐकवतोस?"

"तुम्ही गाडीत फुकट वाटत होतात. कुणी घेत नव्हतं, मी घेतलं."

जावई काहीतरी बोलायला लागले, शेठनी हाताने त्यांना गप्प केलं. "हवंय काय तुला?"

मी सांगितलं. फळ तुमचं, उकळून देईन, वाळवून देईन. पण पोती माझ्या नावाची भरायची, इथून थेट सोहार बंदरात जायची आणि तिथून मुंबईला. तुमच्या फळाचा दाम तुम्हाला पोचेल. रुवीला माल जाणार नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही.

"मग गोदाम?"

मी माझा प्याला संपवला.

"म्हणजे होर्मुझ बुडवलंस," शेठ म्हणाले.

"बुडवतोय कोण? गलबत थांबणार नाही, एवढंच."

शेठनी प्याला हलवून परत दिला, म्हणजे आता पुरे. ही रीत त्यांना माहीत होती. मग ते उठले आणि म्हणाले, कर तुझ्या मनासारखं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं फळ माझ्या काहिलींत पडायला लागलं. बरंचसं वाचलं.

त्या दुपारी ते गेल्यावर मी म्हाताऱ्याकडे पाठ करून बसलो. तो समोर येऊन म्हणाला, "मला तुमची भाषा कळत नाही, पण तू जिंकलास एवढं कळलं. मग तोंड का पाडून बसलास?"

"वालिद, पहिला प्याला त्याला दिलात."

"पाहुणा होता."

"माझा वैरी होता तो."

"रस्त्यावर होता. फाटकाच्या आत नाही." आणि तो काहिलीखालचं लाकूड सारायला गेला.

पुढे शेठचं जे झालं ते कुणी केलं नाही, आपोआप झालं. माल रुवीला थांबेना तसे सुक्या लिंबांचे व्यापारी थांबेनासे झाले, मग बदामवाले. त्या गोदामात आता टायर ठेवतात. जावई दुबईला गेले. शेठ पुण्यात असतात आणि तिथे भाषणं देतात असं ऐकतो. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण वाटलं नाही.

आता पाहुणे माझ्याकडे येतात आणि त्यांना कल्हात दाखवायला मी नेतो. गाडी मीच चालवतो. यादव, बहमनी, विजयनगर, होर्मुझ, सगळं सांगतो, शेठपेक्षा बरं सांगतो. दाभोळचंही सांगतो. घोड्यावर बसणाऱ्याला घोडा पडल्यावर कळतं की तो आजारी होता, लीद काढणाऱ्याला ते आधी कळतं, असं सांगतो. त्या वेळी मुलगी बरोबर असली तर तिच्याकडे बघतो.

घुमटीच्या सावलीला आम्ही बसतो. काहव्याचा थर्मास बायकोने भरून दिलेला असतो. पाहुण्यांना आधी द्यायची रीत मला चांगली माहीत आहे, दुकानात मी ती कधी मोडत नाही. पण ज्या वाटेवर पाहुणे माझ्यावर हसायचे तिथला, कल्हातचा पहिला प्याला मी स्वतः घेतो. पाहुणे एकमेकांकडे बघतात. बघू देत. मी समुद्राकडे तोंड करून तो सावकाश पितो, आणि मग त्यांचे भरतो.